दुर्मीळ आजारांवरील संशोधन : पैसा लागतो कशाला आणि तो द्यायचा कोणी?

दुर्मीळ आजार झालेल्या बाळासाठी मदत मागणारा संदेश कोल्हापुरात आता कोणालाही नवा राहिलेला नाही. तालमीच्या, गल्लीच्या किंवा शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तो येतो, खाली बँक खात्याचा क्रमांक असतो आणि पेठापेठांतून पैसे गोळाही होतात. स्नायूंच्या एका आनुवंशिक आजारावरील सोळा कोटी रुपयांच्या इंजेक्शनची चर्चा घरोघरी झाल्यापासून लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. औषध एवढे महाग का, हा पहिला. आणि बाकीच्या दुर्मीळ आजारांवर औषधच का नाही, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे संशोधनाला पैसा कोण पुरवतो या एकाच मुद्द्यापाशी येऊन थांबतात. तो मुद्दा समजून घेण्यासाठी या लेखात आजारांचा एकच गट घेतला आहे : संयोजी ऊतींचे आनुवंशिक आजार. हा गट निवडण्याचे कारण असे की, यातील काही आजारांवर जे उपाय लागू पडले ते अगदी स्वस्त आहेत, आणि नेमक्या त्यामुळेच त्यांच्यावरील संशोधनाला पैसा मिळणे अवघड जाते.

संयोजी ऊती म्हणजे काय?

शरीराचे भाग एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या, त्यांना आकार देणाऱ्या आणि ताण सोसणाऱ्या घटकांना संयोजी ऊती म्हणतात. हाडे, कूर्चा, सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध, कातडीचा आतला जाड थर, रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा चिवट भाग आणि डोळ्यातील भिंग जागेवर धरून ठेवणारे तंतू हे सारे त्यात येते. यांतील मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजन. ते हातात धरून पाहायचे तर कोल्हापूरकराला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. चप्पल लाइनमधील कोणत्याही दुकानात म्हशीच्या कातड्याचा जाड तळ हातात घ्यावा. केस आणि चरबी काढून, बाभळीची साल व हिरडा यांत कातडे कमावल्यावर जे उरते त्यात मुख्यतः कोलॅजनच असते. तळाची कापलेली कड नीट पाहिली तर एकमेकांत गुंतलेले बारीक तंतूही दिसतात.

या प्रथिनाची रचना उलगडण्याचे मोठे श्रेय भारताकडे जाते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात काम करताना दाखवले की, कोलॅजनच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. त्यासाठी वापरलेला कांगारूच्या शेपटीतील तंतूंचा नमुना त्यांना मद्रासमधीलच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाला होता. या रचनेत साखळीतील प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच असावे लागते, कारण पिळाच्या आतल्या बाजूला दुसरे काही मावत नाही. तेव्हा हे निव्वळ कुतूहलापोटी केलेले काम वाटले असेल. पुढे लक्षात आले की, ज्या मुलांची हाडे क्षुल्लक धक्क्यानेही मोडतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या कोलॅजनमध्ये अशाच एखाद्या ग्लायसिनच्या जागी दुसरे अमिनो आम्ल आलेले असते.

कोणते आजार, आणि त्यांत धोका कशाचा?

हाडे ठिसूळ होणाऱ्या या आजाराला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात. साधारण पंधरा ते वीस हजारांत एकाला तो असतो. एहलर्स-डॅनलॉस या नावाखाली २०१७ च्या वर्गीकरणानुसार तेरा प्रकार मोडतात. कोणाचे सांधे वारंवार निखळतात, कोणाची कातडी ताणली जाते आणि जखमा नीट भरत नाहीत, तर एका दुर्मीळ प्रकारात रक्तवाहिन्या किंवा आतडेच फुटू शकते. या तेरापैकी सर्वाधिक आढळणारा, सांधे अति सैल असणारा प्रकार कोणत्या जनुकामुळे होतो हे अजूनही सापडलेले नाही.

यापुढे मुख्यतः मारफान या आजाराविषयी लिहितो, कारण पैशाचा प्रश्न त्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. १८९६ मध्ये पॅरिसमधील बालरोगतज्ज्ञ अंतवान मारफान यांनी लांब, बारीक बोटांच्या एका मुलीचे वर्णन केले आणि आजाराला त्यांचे नाव पडले. गंमत अशी की, त्या मुलीला बहुधा हा आजार नव्हताच, असे आता अनेक तज्ज्ञ मानतात. या आजारात दोष असतो तो फायब्रिलिन नावाच्या प्रथिनात. त्याचे जनुक पंधराव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९१ मध्ये निश्चित झाले. उंच व सडपातळ बांधा, लांब हातपाय, आत गेलेली किंवा पुढे आलेली छाती, बाकदार पाठ, जागेवरून सरकलेले डोळ्याचे भिंग ही त्याची दिसणारी लक्षणे आहेत. अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ मिटली की त्याचे टोक करंगळीच्या बाजूने बाहेर डोकावते, आणि एका हाताच्या अंगठ्याने व करंगळीने दुसरे मनगट धरले की दोन्हींची नखे एकमेकांवर येतात, या तपासण्या डॉक्टर बसल्याजागी करून पाहतात. अर्थात उंच आणि बारीक असणारा प्रत्येक जण रुग्ण नसतो. निदानासाठी डोळ्यांची तपासणी, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको, आणि गरजेनुसार जनुकीय चाचणी लागते.

जिवाला धोका असतो तो महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीचा. सायकलची जुनी ट्यूब एखाद्या जागी विरली की हवा भरताना तिथेच फुगा येतो, तशी महाधमनी हृदयालगतच्या भागात वर्षागणिक फुगत जाते. हा फुगवटा दुखत नाही, जाणवतही नाही. एखाद्या दिवशी भिंतीचे थर फाटतात आणि अनेकदा दवाखाना गाठण्याइतकाही वेळ मिळत नाही. अमेरिकेची ऑलिंपिक व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमधील एका सामन्यादरम्यान कोसळली आणि गेली. तिला मारफान असल्याचे शवविच्छेदनात कळले. उंचीमुळे मुलांना व्हॉलीबॉल-बास्केटबॉलच्या संघात घेतले जाते, किंवा घरचेच आखाड्यात पाठवतात. ज्याची महाधमनी आधीच विरलेली आहे त्याने श्वास रोखून जोर लावणे जोखमीचे असते, म्हणून आमच्या तालमींच्या शहरात तरी ही लक्षणे वस्तादांना ठाऊक असायला हवीत.

पाच हजारांत साधारण एकाला मारफान असतो, असा जगभरचा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. त्या हिशेबाने जिल्ह्यात पावणेआठशेच्या आसपास माणसे या आजाराची असावीत. गावागावांत विखुरलेली असल्याने ती कोणाच्याच डोळ्यांत भरत नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांना स्वतःलाही कल्पना नसते.

मामाच्या मुलीशी लग्न केल्यामुळे होतो का?

दक्षिण महाराष्ट्रात हा प्रश्न येणारच. मारफानच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असे आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आले तरी आजार होतो, त्यामुळे बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. शिवाय सुमारे चौथाई रुग्णांत जनुकातील बदल नव्याने झालेला असतो, म्हणजे घराण्यात आधी कोणालाच आजार नसतो. मात्र ठिसूळ हाडांचे आणि एहलर्स-डॅनलॉसचे काही विरळ प्रकार आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतात, आणि नात्यातील लग्नात तशी शक्यता वाढते. मारफानसारखाच दिसणारा होमोसिस्टिन्युरिया हा आजारही याच पद्धतीने येतो. तो रक्त-लघवीच्या तपासणीत ओळखता येतो आणि काही रुग्णांत बी-६ जीवनसत्त्वाने बराच आटोक्यात राहतो. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन आजारांतला फरक कळण्यासाठीही कोणीतरी आधी संशोधन करावे लागले होते.

संशोधनात पैसा नेमका जातो कुठे?

संशोधन म्हटले की पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात अशा आजारांवरील बराचसा पैसा अगदी रुक्ष कामांवर जातो. समजा, एखादी गोळी महाधमनीचा फुगवटा रोखते का, हे पाहायचे आहे. फुगवटा वर्षाला मिलिमीटरच्या काही दशांशांनी वाढतो. इको करताना छातीवर टेकवायचा प्रोब जरा तिरपा धरला गेला, किंवा माप भिंतीच्या आतल्या कडेऐवजी बाहेरच्या कडेपासून घेतले, तर तेवढा फरक नुसत्या मोजण्यातच पडतो. म्हणून मोजणाऱ्यांना एकसारखे प्रशिक्षण द्यावे लागते, आणि कोणाला कोणती गोळी चालू आहे हे माहीत नसलेल्या तज्ज्ञाकडून चित्रे पुन्हा मोजून घ्यावी लागतात. चंदगड किंवा शाहूवाडीच्या आतल्या गावातील मुलाने तीन वर्षे ठरावीक तारखांना यायचे, तर त्याचे एसटीभाडे आणि सोबत येणाऱ्या वडिलांचा बुडालेला रोज भरून द्यावा लागतो. रक्ताचे आणि ऊतींचे नमुने उणे ८० अंशांवर ठेवावे लागतात, तेव्हा फ्रीजरइतकाच वीज गेल्यावर चालणारा जनरेटरही महत्त्वाचा ठरतो. आणि हे सारे रोज नोंदवणाऱ्या माणसाचा पगार पाच-सात वर्षे न चुकता व्हावा लागतो. निधी मध्येच थांबला तर अर्धी चाचणी अर्ध्या किमतीची ठरत नाही, तिची किंमत जवळजवळ शून्य होते.

एका स्वस्त गोळीची गोष्ट

१९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मारफानच्या रुग्णांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३२ वर्षे होते. १९९५ च्या अभ्यासात अपेक्षित आयुष्य सत्तरीपर्यंत गेलेले दिसले. मधल्या काळात फुगलेला भाग कापून कृत्रिम नळी बसवण्याची शस्त्रक्रिया रुळली होती, इकोमुळे योग्य वेळ ठरवता येऊ लागली होती, आणि रक्तदाब व नाडी सौम्य ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातील जुन्या गोळ्यांचा उपयोग लक्षात आला होता. या गोळ्यांवरची १९९४ मधील महत्त्वाची चाचणी अवघ्या ७० रुग्णांवर झाली होती.

त्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हॅल डिएट्झ यांच्या गटाने दाखवले की, फायब्रिलिन केवळ आधार देत नाही, तर टीजीएफ-बीटा नावाच्या वाढीच्या संदेशालाही लगाम घालते. लगाम सुटल्याने भिंत कमजोर होते. रक्तदाबावरची लोसार्टन ही गोळी हा संदेश दाबू शकते, असे सुचले. २००६ मध्ये उंदरांवर तिचा परिणाम थक्क करणारा आला आणि जगभरच्या रुग्णांच्या आशा उंचावल्या.

२०१४ मध्ये अमेरिकी सरकारच्या निधीतून झालेल्या ६०८ मुला-तरुणांवरील चाचणीचा निकाल लागला. बीटा-ब्लॉकरपेक्षा लोसार्टन सरस ठरली नाही, दोन्हींचा परिणाम सारखाच निघाला. वर्तमानपत्री भाषेत याला अपयश म्हणतात. मला ते तसे वाटत नाही, कारण पुढे काय झाले ते पाहावे लागते. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये देणगीदारांच्या पैशांवर झालेल्या १९२ रुग्णांच्या चाचणीत लोसार्टनच्याच गटातील इर्बेसार्टन या गोळीने फुगवटा वाढण्याचा वेग कमी केला. मग वेगवेगळ्या देशांतील संशोधकांनी आपापली माहिती एकत्र केली. सात चाचण्यांतील १४४२ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून दिसले की, या गटातील गोळ्या फुगवट्याचा वेग जवळपास निम्मा करतात, बीटा-ब्लॉकर साधारण तेवढेच काम करतात, आणि दोन्ही मिळून दिल्यास अधिक लाभ होण्याची शक्यता आहे. २०१४ मधील ‘अपयशी’ चाचणीची माहिती नसती तर हा निष्कर्ष निघाला नसता. या गोळ्या कोणत्याही औषध दुकानात मिळतात, पण त्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. विशेषतः गरोदरपणात लोसार्टन-इर्बेसार्टन गर्भाला घातक असतात.

मग औषध कंपन्या हे का करत नाहीत?

कारण त्यात कमाई नाही. लोसार्टनचे पेटंट संपलेले आहे. ती मारफानवर चालते हे कोट्यवधी रुपये खर्चून सिद्ध केले, तरी दुसऱ्या दिवशी दहा कंपन्यांची गोळी त्याच भावाने विकली जाणार. नव्या औषधाला पेटंटचे संरक्षण असते, म्हणून तिकडे पैसा वळतो, आणि रुग्ण थोडे असल्याने प्रत्येकाकडून तो वसूल करताना किंमत कोटींत जाते. अमेरिकेने १९८३ मध्ये खास कायदा करून दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असलेल्या आजारांवरील औषधांना सात वर्षे मक्तेदारी दिली. भारतानेही २०१९ च्या नियमांत पाच लाखांपेक्षा कमी रुग्णांसाठीच्या औषधांना चाचणीच्या शुल्कात सूट दिली. अशा सवलतींनी नवी औषधे आली हे खरे, पण जुन्या स्वस्त गोळीची चाचणी करायला त्या कोणालाही प्रवृत्त करत नाहीत. ती जबाबदारी सरकारी निधी, विद्यापीठे, देणगीदार आणि कधी कधी रुग्ण यांच्यावरच येते. टाल गोल्सवर्दी या ब्रिटिश अभियंत्याला स्वतःला मारफान होता. त्याने निधी उभारून, स्वतःच्या महाधमनीच्या प्रतिमांवरून तिच्या मापाचे बाहेरून चढवायचे जाळीचे आवरण तयार करवले आणि २००४ मध्ये ते पहिल्यांदा स्वतःवरच बसवून घेतले. त्यानंतर ते अनेक देशांतील रुग्णांना बसवले गेले आहे.

क्षयरोग आणि डेंगी सोडून यांच्यावर खर्च का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. मोजक्या पैशांत अधिक जीव वाचवायचे तर क्षयरोगाचा हक्क आधी, हे मान्य करावेच लागेल. पण येथे मागणी मोठ्या हिश्श्याची नाही. शिवाय दुर्मीळ आजारांतून मिळालेले ज्ञान दुर्मीळ राहत नाही. दक्षिण आफ्रिकेतील काही घराण्यांत हाडे प्रमाणाबाहेर दाट होणारा एक आजार होता. त्याचे जनुक २००१ मध्ये सापडले आणि त्यावरून तयार झालेले, हाडांच्या झिजेवरचे इंजेक्शन २०१९ पासून परदेशांत वापरात आले. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडण्याची भीती तर घरोघरी असते. अगदी रोजच्या वापरातील उदाहरणही आहे : सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या गटातील प्रतिजैविकांमुळे महाधमनी फाटण्याचा धोका वाढू शकतो, आणि मारफान किंवा एहलर्स-डॅनलॉस असलेल्यांना पर्याय असताना ती देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये दिला. लाखो रुग्णांच्या नोंदी कोणीतरी सांभाळून ठेवल्या होत्या म्हणून हे कळले.

परदेशात संशोधन होतेच, मग आपण कशाला?

जनुकीय चाचणीचा अहवाल पुष्कळदा ‘बदल आढळला, अर्थ अनिश्चित’ असा येतो. तो बदल निरुपद्रवी आहे की घातक, हे ठरवण्यासाठी आपल्याच लोकांत तो किती जणांत सापडतो हे माहीत असावे लागते, आणि पाश्चात्त्य माहितीसंचांत आपले लोक कमी आहेत. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, तिचा उपयोग येथेच आहे. दुसरे असे की, परक्याच्या निधीचा भरवसा नसतो. अमेरिकेत २०२५ मध्ये वैद्यकीय संशोधनाची अनेक अनुदाने अचानक रद्द झाली, हे सर्वांनी पाहिले.

आपल्याकडे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार निवडक केंद्रांत रुग्णाला आता ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय अशा केंद्रांपैकी एक आहे. ठिसूळ हाडांच्या आजारावरील बिस्फॉस्फोनेट हे तुलनेने स्वस्त औषधही या धोरणाच्या यादीत आहे. मात्र ही रक्कम उपचाराची आहे. संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान यांच्याकडे जावे लागते, आणि संशोधन-विकासावर देश एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच खर्च करत आला आहे.

कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात, आणि सरकारी विद्यापीठे व संशोधन संस्थांतील वैद्यकीय संशोधनाला ते देता येतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वसाहतींत या नियमात बसणारे उद्योग असताना हा पैसा रुग्णवाहिका आणि इमारतींकडेच का जातो, हे उघड आहे. रुग्णवाहिकेला हार घालून फोटो काढता येतो. नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाचा पाच वर्षांचा पगार हा काही उद्घाटनाचा विषय नव्हे. तरीही जिल्ह्यातील पावणेआठशे माणसे शोधायची असतील तर पहिला खर्च हाच आहे.

नोंद झाली तर मुलीचे लग्न कसे जमणार?

लोक प्रत्यक्षात अडतात ते येथे, आणि त्यांना दोष देता येत नाही. चष्म्याचा नंबर लपवणाऱ्या समाजात जनुकाचा दोष कोण सांगेल? म्हणून संशोधनासाठी ठेवलेल्या रुग्णांच्या नोंदवहीत माहिती कशी जाते ते समजून घ्यावे. संशोधकांपुढे रुग्णाचे नाव न येता सांकेतिक क्रमांक येतो, आणि मूळ नावांची यादी वेगळी व बंदिस्त ठेवणे अपेक्षित असते. आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही अपवाद सोडले तर लेखी संमतीशिवाय कोणालाही सहभागी करून घेता येत नाही. दिलेली संमती कधीही मागे घेता येते आणि त्यामुळे उपचारात फरक पडू देता येत नाही. संमतीपत्र मराठीत मागावे, घरी नेऊन वाचावे, न कळलेले विचारावे. आणि घरात एकाला मारफान असल्याचे कळले असेल, तर संशोधनात भाग घ्यायचा की नाही हे ठरेपर्यंत आई-वडील, भावंडे आणि मुले यांचा इको थांबवून ठेवू नये. त्याचा अहवाल संशोधकांसाठी नसतो, त्या त्या माणसाच्या उपचारासाठीच असतो.